सौ.च्या गाडीतील आपत्कालीन साहित्याबाबत

३ ऑगस्ट, रविवार

निवृत्त होऊन आज चौसष्ट दिवस झाले. निरोप समारंभात मिळालेली ही डायरी आजवर कोरीच होती, कारण लिहिण्याजोगं काही घडलं नव्हतं. गुरुवारी घडलं.

सौ. मंजुषा हिंगणवाडीच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. आमच्या वडवणीच्या घरापासून सव्वीस किलोमीटर, त्यातले नऊ घाटाचे. गाडी तिची आणि चालवतेही तीच. मला चालवता येत नाही, तहसीलमध्ये जीपला चालक असायचा. गुरुवारी साडेपाचला येणारी बाई सव्वासातपर्यंत आली नाही. फोन लागत नव्हता. मी दारात उभा राहिलो, आत आलो, पुन्हा दारात उभा राहिलो. चहा करावा असं मनात आलं, पण चहापत्ती कुठे असते ते सापडलं नाही. मग ती आली. "टायर फुटलं होतं. बदललं, आले," एवढंच बोलली आणि कणीक मळायला लागली.

अकरा वर्षं मी तहसीलला नैसर्गिक आपत्तीचं टेबल सांभाळलं. माझ्या टेबलावरून एकही अहवाल उशिरा गेला नाही. 'जीवितहानी : निरंक' हे शब्द माझ्याइतक्या सुवाच्य अक्षरात जिल्ह्यात कुणी लिहिले नसतील. अशा माणसाच्या घरची गाडी नुसत्या स्टेपनीच्या भरवशावर घाट चढते, ही गोष्ट मनाला लागली. सबब, सौ.ची गाडी सर्व संकटांसाठी सज्ज करण्याचा निर्णय घेतला आहे.

तिला सांगितलं. म्हणाली, "सतरा वर्षं जातीय मी त्या घाटानं. मला लागतं ते सगळं हाय गाडीत."

मी जाऊन डिकी तपासली. गमबूट, जुन्या साड्यांचं गाठोडं, लशींची थंड पेटी, पाण्याचा कॅन, औषधांची बॅग आणि एक मळकट सुती दोर, ज्याला असह्य वास येत होता. आपत्कालीन असं काहीही नव्हतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

खरेदी पूर्ण. नायलॉनचा दोर वीस मीटर, विजेऱ्या दोन, मेणबत्त्या, काडेपेट्या, ग्लुकोजची बिस्किटं बारा पुडे, प्रथमोपचार पेटी, चादरी दोन, टॉवेल चार, रेनकोट, फावडं, लाल झेंडी, पांढरी झेंडी, शिट्टी, फिनाईल. सर्व साहित्याची यादी टाईप करून, प्लास्टिक चढवून डिकीच्या झाकणाला आतून चिकटवली.

सौ.ने यादी उभ्यानेच वाचली. "शिट्टी कशाला?"

"मदत मागायला."

"मी वरडन की."

"आवाज किती लांब जातो याला मर्यादा असते."

"माझा जातो," ती म्हणाली. "म्हशी ऐकतेत."

तो मळका दोर मी काढून मागच्या अंगणात टाकला. नवा असताना जुन्याचं काम नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

आज जरा वाद झाला. सौ. आल्या आल्या अंगणात गेली, तो जुना दोर उचलला, उकळत्या पाण्यात टाकला आणि माझ्याशी बोलली नाही. जेवताना कळलं ते असं. डोंगरावरच्या एका वस्तीवर म्हैस सकाळपासून अडलेली होती. रेडकाचा एकच पाय बाहेर आलेला. सौ.ने ओढायला दोर बघितला तर तिचा दोर डिकीत नाही, माझा नायलॉनचा. "तुमचा दोर कातडी कापतोय. माझा मऊ हाय, सात वर्षांचा. त्याच्यानं आजवर एकबी पाय मोडला न्हाई." शेवटी तिने गाठोड्यातली जुनी साडी फाडून, पीळ देऊन काम भागवलं. कोपरापर्यंत हात घालून रेडकाचं डोकं सरळ केलं म्हणे. दीड तास लागला. म्हैस आणि रेडकू दोन्ही वाचलं.

असो. नायलॉनचा दोर पूर्वसूचना न देता वापरला गेला आणि चिखलाने भरून परत आला, हे यादीवर नोंदवलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

तपासणीत पुढील तूट आढळली. बिस्किटं : नऊ पुडे. चादर : एक. विजेरी : एक.

विचारलं. बिस्किटं सटवा नावाच्या मेंढपाळाच्या लेकरांना. चादर, पावसात भिजलेल्या दोन करडांना गुंडाळायला. विजेरी एका म्हातारीला, तिच्याकडे वीज नाही आणि गोठ्यात साप निघाला होता. "साप मेला का?" मी विचारलं. "न्हाई, गेला. आता विजेरी हाय, दिसंल तरी."

मी तिला शांतपणे समजावलं, की आपत्ती म्हणजे अचानक उद्भवलेली, जीविताला धोका निर्माण करणारी, स्थानिक साधनांच्या आवाक्याबाहेरची परिस्थिती. परिपत्रकात व्याख्या स्पष्ट आहे. सौ. ताटातला भात चिवडत ऐकत होती. मग म्हणाली, "आमी त्याला सोमवार म्हंतो."

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाहून आल्यावर रंगीत तालीम घेतली. प्रसंग असा कल्पिला : गाडी पाण्यात अडकली आहे, इंजिन बंद, दरवाजा उघडत नाही. सौ.ने चालकाच्या जागेवर बसून, मी शिट्टी वाजवताच, खिडकीतून पांढरी झेंडी दाखवायची आणि मागच्या सीटवरून डिकीपर्यंत पोचायचं. घड्याळ लावून मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो.

शिट्टी वाजवली. सौ. दरवाजा उघडून उतरली आणि घरात भाकरी थापायला निघून गेली. कालावधी : चार सेकंद.

शेजारचे मुंजाजी गेटवर उभे राहून सगळं बघत होते. "काय चाललंय, भाऊसाहेब?" मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी जरा विचार केला. "दरवाजा उघडत न्हाई म्हनलात ना? मग बाई उतरल्या कशा?" प्रश्न योग्य होता. तालमीच्या नोंदीत तो लिहून घेतला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

विशेष काही नाही. संध्याकाळी सौ.च्या फोनवर कसला तरी आदेश आला. वाचून ती ओट्यापाशी बराच वेळ उभी होती, दूध उतू गेलं तरी कळलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "हापिसचं हाय." ऑफिसचं असेल तर मी खोलात जात नाही. सेवेत असताना मलाही कुणी विचारलेलं आवडत नसे.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "अहो, तुमाला कुकर लावता येतो का?"

२४ ऑगस्ट, रविवार

अत्यंत समाधानाचा दिवस. माझ्या प्रयत्नांचा परिणाम दिसू लागला आहे. सौ.ने आज स्वतःहून मला दोन तास प्रशिक्षण दिलं. तांदूळ किती, पाणी किती, शिट्ट्या किती. गॅसची टाकी बदलायची कशी. आमटीला फोडणी. एकदा हात भाजला, एकदा डाळ खाली लागली, पण तिसऱ्यांदा जमलं.

घरातली कर्ती व्यक्ती बाहेर अडकली तर मागे राहणाऱ्याने तग धरला पाहिजे, हा आपत्ती व्यवस्थापनाचा पहिला धडा. मी न सांगता तिला तो उमगला. तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "उमगला खरा," आणि कुकर घासायला घेतला.

३१ ऑगस्ट, रविवार

स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर सौ.ने कागद चिकटवले आहेत. साखर, चहापत्ती, तुरीची डाळ, शेंगदाण्याचा कूट. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी आणली, वारांची नावं लिहून. दूधवाला, गॅसवाला, डॉक्टर, मुंजाजी यांचे नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर. कपडे धुण्याच्या मशीनचं कोणतं बटण आधी, तेही लिहिलंय.

मी गाडी सज्ज करतो आहे आणि ती घर. एकोणतीस वर्षांच्या संसारात आम्ही एकाच विषयावर एकाच वेळी काम करतोय, असं पहिल्यांदाच घडतं आहे. मी बाहेर ओसरीवर बसून तिला डब्यांवर कागद लावताना बघत होतो. एका डब्यापाशी ती थांबली आणि पदराने डोळे पुसले. तिखटाचा डबा असावा.

६ सप्टेंबर, शनिवार

साहित्य पुन्हा कमी झालं. आता लोखंडी पेटी आणून सर्व वस्तू तीत भरल्या आणि कुलूप लावलं.

"कुलूप कावून?" सौ.

"अपात्र वापर थांबवायला."

"आन मला लागलं तर?"

"किल्ली माझ्याकडे आहे. फोन कर."

"घाटात रेंज न्हाई, त्याच्यासाठीच ही पेटी हाय ना?"

यावर विचार करून कळवतो असं सांगितलं.

१४ सप्टेंबर, रविवार

सौ. पहाटे कड्याला गेली, संध्याकाळी आली. आष्टी तालुक्यातलं कडा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. रविवारी कसलं काम म्हणावं, पण शासकीय सेवेत असं चालतं. मी दिवसभर एकटा. कुकर लावला, जेवलो, भांडी घासली, गोळी घेतली. तालीम म्हणून उत्तम झाली.

आल्यावर ती म्हणाली, "तिकडं कारखान्यामुळं बैलं लई असतेत हंगामात. दवाखाना मोठा हाय. मागं लिंबाचं झाड हाय." मी म्हणालो, झाडाखाली गाडी लावू नये, वादळात फांदी पडते. ती माझ्याकडे बघत राहिली. "खरंय," म्हणाली.

२४ सप्टेंबर, बुधवार

काल जे घडलं ते क्रमाने लिहितो. दोन्ही हातांना पट्ट्या आहेत, अक्षर बिघडेल.

चार दिवस पाऊस चालू आहे. काल सकाळी हवामान खात्याचा इशारा होता. सटवाच्या कळपात मेंढरं पटापट मरतायत म्हणून सौ. निघाली. मी म्हणालो, आज तू एकटी जाणार नाहीस, मी येतो. सतरा वर्षांत मी पहिल्यांदा तो रस्ता पाहिला. घाटातली वळणं ती एका हाताने घेते. प्रत्येक वस्तीवर कुणीतरी हात करतं. एके ठिकाणी एका बाईने गाडी थांबवून माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "ह्ये कोन?" सौ. म्हणाली, "आमचे मालक." "व्हय का," ती बाई म्हणाली. "आमाला वाटलं, बाईंला कुनी न्हाई."

सटवाचा तळ ओढ्याच्या वरच्या अंगाला माळावर आहे. आम्ही पोचलो आणि अर्ध्या तासात मागचा नळकांडी पूल पाण्याखाली गेला. पुढचा रस्ता आधीच खचला होता. फोनला रेंज नव्हती. मी ताबडतोब ओळखलं, की परिपत्रकातल्या व्याख्येत बसणारी परिस्थिती हीच. खरं सांगायचं तर क्षणभर बरं वाटलं.

मग सटवाची बायको चतुराबाई ओरडली. ओढ्याकाठी जाळी लावून कोकरं कोंडली होती आणि पाणी जाळीपर्यंत आलं होतं. सटवा धावला, पाण्यात शिरला, जाळी उचलून कोकरं वर फेकायला लागला. चार फेकली, पाच फेकली, आणि त्याचा पाय सुटला. पाण्याने त्याला वीसेक हात खाली नेलं. तिथे बाभळीचं खोड आडवं होतं, त्याला तो धरून राहिला. एका हाताने खोड, दुसऱ्या काखेत कोकरू.

मी काय केलं ते प्रामाणिकपणे लिहायला हवं. मी शिट्टीचा विचार केला. शिट्टी पेटीत होती. पेटीला कुलूप होतं. किल्ली दुसऱ्या पँटच्या खिशात, वडवणीला होती.

सौ. गाडी मागे घेत अगदी काठाजवळ आली. उतरली, डिकीतून तिचा तो मळका दोर काढला, सटवाच्या पालाच्या दोराला गाठ मारून लांब केला, एक टोक गाडीच्या हुकाला बांधलं. मला म्हणाली, "हुक गंजलाय, भरवसा न्हाई. तुमी मधी धरा. ताण आला की सोडायचा न्हाई. दुसरं काय करू नका."

तिने दोर फेकला. पहिल्यांदा पोचला नाही. दुसऱ्यांदाही नाही. ती गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरली, मग कमरेएवढ्या. मी म्हणालो, मंजुषा, मागे ये. तिला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. तिसऱ्यांदा सटवाने पकडला. तिचा आवाज खरंच लांब जातो : "कोकरू सोड, सटवा. दोन्ही हातानं धर." त्याने कोकरू सोडलं नाही. दोराचा वेढा दंडाला घेतला आणि खोड सोडलं.

ताण आला. हुक तुटला की वाकला ते मला दिसलं नाही, कारण त्या क्षणी सगळं वजन माझ्या हातात आलं. माझ्या मागे चतुराबाईने दोर धरला होता आणि ती देवाचं नाव घेत होती. हाताची सालं निघत होती, ते नंतर कळलं. किती वेळ लागला हे मला सांगता येत नाही. प्रत्येक घटनेची वेळ लिहिणारा माणूस मी, पण घड्याळाकडे बघितलं नाही.

सटवा वर आला. कोकरूही. बाकी दोन कोकरं वाहून गेली.

तो थरथरत गाडीपाशी बसला. लोखंडी पेटीकडे बघून म्हणाला, "त्याच्यात काय हाय, साहेब?"

"टॉवेल," मी म्हणालो.

"मंग काडा की."

त्यानेच उठून कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने कडी तोडली. घाटातल्या हादऱ्यांनी फिनाईलची बाटली फुटली होती. टॉवेल, बिस्किटं, राहिलेली चादर, सगळं फिनाईलमध्ये भिजलेलं. सटवाने एक टॉवेल उचलला, हुंगला, घडी करून परत ठेवला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "चांगला हाय."

मंजुषा पालात आजारी मेंढरं बघायला गेली. चतुराबाईने माझ्या अंगावर घोंगडी टाकली, चुलीपाशी बसवलं, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी दिली. हात सोलल्यामुळे मला तुकडा मोडता येईना, तर तिने मोडून दिला. आणि बोलता बोलता म्हणाली, "बाई कड्याला चालल्यात. सायेब झाल्यात. आमाला लई आनंद हाय, पर वाईटबी वाटतंय. दिवाळी झाली की जानार, व्हय ना?"

पाऊस पालाच्या ताडपत्रीवर वाजत होता. मी घास गिळला.

"हो," मी म्हणालो. "दिवाळी झाली की."

"तितं खोलीबी बघून आल्यात म्हनं. पिठाच्या गिरनीमागं."

"हो. लिंबाचं झाड आहे," मी म्हणालो. ते झाड दवाखान्यामागे आहे की खोलीमागे, हे मला नक्की आठवत नव्हतं.

मंजुषाने येऊन माझ्या हातांना पिवळं मलम लावलं आणि पट्टी बांधली. "जनावरांचं हाय, मानसालाबी चालतं." चारच्या सुमारास पाणी उतरलं. परत येताना घाटात ती म्हणाली, "दोर बरा धरला तुमी." मला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र अडतीस वर्षांच्या सेवेत मिळालेलं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

हात दुखतो. डब्यांवरचे कागद पुन्हा एकदा वाचले.

२८ सप्टेंबर, रविवार

आज बोलणं झालं. मीच काढलं. चहा मी केला होता.

"कड्याला कधी हजर व्हायचं आहे?"

तिने कप खाली ठेवला. "कुनी सांगितलं?"

"चतुराबाईंनी."

"सांगनार होते. रोज सांगनार होते." तिने कप बशीत नीट बसवला. "तुमी रोज कायतरी यादी घेऊन बसलेले. मला वाटलं, आज न्हाई, उद्या सांगू."

मग तिने सांगितलं. सहायक पशुधन विकास अधिकारी म्हणून बढतीचा आदेश येण्याची ही तिसरी वेळ. पहिल्यांदा पदोन्नती आली तेव्हा आमच्या शिवकन्येची बारावी होती, तिने नकार दिला. दुसऱ्यांदा माझी आई अंथरुणाला होती, तेव्हाही. या दोन्ही गोष्टी मला माहीत नव्हत्या. किंवा तेव्हा तिने सांगितल्या असतील आणि मी ऑफिसचं म्हणून खोलात गेलो नसेन.

"ह्या बारीला कुनासाठी न्हाई म्हनू?" तिने विचारलं.

मला वाटतं तिला खरंच उत्तर हवं होतं. मी विचार केला. घरात आजारी कुणी नाही. शिवकन्या पुण्याला सुखात आहे. मला कुकर येतो, मशीन येतं, गोळ्यांची डबी आहे. नकार द्यावा असं एकही कारण कागदावर सापडत नव्हतं.

"कुणासाठी नाही," मी म्हणालो. "जा तू."

ती उठून आत गेली. माझं उत्तर नियमाला धरून होतं. तरी तिला ते आवडलं असं दिसलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

मंजुषा आज गेली.

सकाळी मी गाडी रिकामी केली. यादी डिकीच्या झाकणावरून सोलून काढली, तिचा डिंक राहिलाच. पेटी घरात आणली. "तुमालाच लागंल," ती म्हणाली. गाडीत तिची घडीची खाट, शेगडी, दोन बॅगा, भांड्यांचं पोतं, गमबूट, औषधांची पेटी. मागची बाजू छतापर्यंत भरली. पुढच्या सीटवर एक पिशवी होती, ती तिने उचलून मागे कोंबली आणि सीटवर फडकं मारलं. पिशवी मागे दबून लोणच्याची बरणी फुटेल म्हणून मी ती पुन्हा पुढे ठेवली. तिने परत काढली. मी परत ठेवली, आणि ब्रेक मारला तर पडू नये म्हणून सीटचा पट्टाही पिशवीला लावला.

मंजुषा त्या पट्ट्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग गाडीत बसली.

"येते," म्हणाली.

"पोचलीस की फोन कर."

मुंजाजी गेटवर होते. गाडी वळणाआड गेल्यावर म्हणाले, "तुमी न्हाई गेलात?"

"मला कुणी म्हटलं नाही," मी म्हणालो.

मुंजाजींनी माझ्याकडे बघितलं आणि आपल्या घरात निघून गेले. त्यांना माणसाच्या तोंडावर बोलता येत नाही असं नाही, त्यामुळे जरा विचित्र वाटलं.

२ नोव्हेंबर, रविवार

चहा, भात, आमटी. तक्रार : निरंक. फोनवर तिने विचारलं, काय चाललंय? मी म्हणालो, सर्व सुरळीत. मग ती म्हणाली, "बरं, ठेवते."

९ नोव्हेंबर, रविवार

वरीलप्रमाणे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मुंजाजी आज दोन वांगी घेऊन आले. "बाई बऱ्या हायत का?"

"हो."

"तुमी?"

"मीही."

"मंग साडेपाच झाले की रोज दारात कावून हुबे ऱ्हाता?"

मी म्हणालो, हवा खायला. ते गेल्यावर वांगी तशीच ओट्यावर ठेवून बसलो. तिला रोज साडेपाचपर्यंत काय करावं लागत होतं, हे मला त्या एका दिवसापलीकडे ठाऊक नाही. रेडकाचं डोकं तिने सरळ केलं, त्या संध्याकाळी मी दोरावरचा चिखल लिहून ठेवला होता. मागची पानं उलटून पाहिली. खरंच तसंच लिहिलं आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार. कडा

काल सकाळी निघालो. प्रवासाचं कारण लिहावं म्हणून वडवणीच्या बसस्थानकावर डायरी काढली होती, पण सुचेना, परत पिशवीत ठेवली. पिशवीत एक पँट-सदरा आणि गोळ्यांची डबी, एवढंच. बीडपर्यंत एसटी. पुढे नवी रेल्वे, जी मी अजून पाहिलीच नव्हती. समोर बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "कड्याला कुनाकडं?" "बायकोकडे." "दवाखान्यात हाय का?" म्हणजे आजारी आहे का असा त्याचा रोख होता. "हो," मी म्हणालो. "ती चालवते तो."

पिठाच्या गिरणीमागे खोली सापडली. कुलूप होतं. घरमालकीण वत्सलाबाई म्हणाल्या, बाई सकाळीच गेल्यात, कधी येतील नेम नाही. त्यांनी चहा दिला. कळवलं नव्हतं का, असं विचारलं. नाही म्हणालो. त्यांनी फोन लावू का विचारलं. नको म्हणालो.

पायरीवर बसलो. समोरच्या रस्त्याने उसाच्या गाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या, एकामागून एक, बैलांच्या शिंगांना रंग, वर उसाच्या ढिगावर बसलेल्या बायका. खोलीमागे झाड नव्हतं. म्हणजे लिंब दवाखान्यामागे आहे.

ऊन उतरल्यावर गाडी आली. मंजुषाच्या साडीला गुडघ्यापर्यंत शेण आणि रक्त, केस सुटलेले. बरोबरच्या शिपायाशी हसून काहीतरी बोलत होती. मला पाहिलं आणि हसणं थांबलं. धावतच आली.

"काय झालं?"

"काही नाही."

"शिवकन्या?"

"ठीक आहे."

"तुमची तब्येत?"

"बरी आहे. गोळ्या घेतो."

"मग घरी काय झालं का? कावून आलात असे, फोन न करता?"

"काही झालं नाही," मी म्हणालो. "सहज आलो."

एकोणतीस वर्षांत मी तिच्यासमोर हा शब्द वापरला नसावा. ती माझ्याकडे बघत राहिली, वाक्य पुढे असेल अशी वाट बघत. शिपाई औषधांची पेटी आत ठेवून गेला. गिरणी बंद झाली होती.

"तुला आज काय काय झालं ते सांग," मी म्हणालो.

"कशाचं?"

"दिवसभराचं."

"लांब हाय ते."

"असू दे."

तिने एक गमबूट काढला, दुसरा काढला, आणि पायरीवर माझ्या शेजारी बसली. "सकाळी सातला पहिला फोन आला," ती म्हणाली. "बैल गाडीखाली आलता." आणि पुढे सांगायला लागली. मी मध्ये बोललो नाही.